त्र्यंबकरावांनी मागून चढवलेला गड

त्र्यंबकराव,

माझं मिक्सरचं भांडं कधी येणार, हे मी तुम्हाला आता शेवटचं विचारते. पातं बदलून आणतो म्हणालात, बाजारातल्या दुकानात टाकतो म्हणालात, त्याला आता हिवाळा सरून उन्हाळा लागला. रोज सकाळी कुंपणावरून नमस्कार करता आणि भांड्याचा विषय निघायच्या आत घरात पळता. म्हणून मी ठरवलं, तुमची हकीकत लिहून काढायची. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकाला मजकूर हवाच आहे, आणि दर वर्षी मधुमेहावरचा तोच लेख वाचून मी कंटाळले आहे. ‘तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत’ असं तोंडावर लिहिलं, तर तुम्ही वाचतानासुद्धा मधेच बोलाल. तेव्हा यापुढे तुम्ही म्हणजे त्र्यंबकराव आणि मी म्हणजे शेजारच्या शैलाताई. बायको राजेश्वरी, ती तुमचीच. तिला सगळं वाचून दाखवलंय. तिने फक्त तुमच्या घोरण्याचं वाक्य काढायला लावलं.

तर आता मुकाट्याने वाचा.

त्र्यंबकराव मालपोटे यांची उभी नोकरी रेल्वेत गेली, आणि तीही बँकरवर. मुंबईहून येणारी गाडी घाटाखाली कर्जतला थांबते, तिच्या शेपटीला जादा इंजिनं लावतात आणि ती इंजिनं तिला मागून रेटत लोणावळ्यापर्यंत चढवतात. तेच बँकर. पुढच्या इंजिनाचा ड्रायव्हर डोंगर बघतो, बोगदा बघतो, धबधबे बघतो. बँकरवाल्याच्या डोळ्यांपुढे शेवटच्या डब्याची पाठ. पुढे काय आहे ते पुढच्याने बघायचं, याने रेटायचं. लोणावळ्याला बँकर सोडतात, गाडी पुण्याकडे निघून जाते, आणि आतल्या माणसांना पत्ताही नसतो की आपल्याला वर कोणी आणून सोडलं.

याचं त्र्यंबकरावांना कधी काही वाटलं नाही. पण त्यांच्या निरोपसमारंभात साहेब भाषणाला उभे राहिले आणि पंधरा मिनिटं पुढच्या इंजिनाच्या ड्रायव्हरांचं कौतुक करून बसले. त्र्यंबकराव हातात नारळ आणि शाल घेऊन ऐकत होते. घरी आल्यावर शाल कपाटात ठेवता ठेवता ते राजेश्वरीला म्हणाले, "एकदा तरी पुढे राहून बघायचंय."

"कशाच्या पुढे?"

"ते अजून ठरलं नाही."

ठरेपर्यंत ते घरात राहिले, आणि तिथून राजेश्वरीचे हाल सुरू झाले.

इंजिनात दोघं माणसं असतात. सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे दोघांनीही पाहिला याची खात्री. चांगला नियम आहे, इंजिनात. त्र्यंबकरावांनी तो स्वयंपाकघरात आणला.

"दूध वर," ते दारातून पुकारायचे.

राजेश्वरी कणीक मळत राहायची.

"दूध वर."

"दिसतंय मला."

"दिसतंय म्हणून चालत नाही. जे ऐकलं तेच म्हणायचं."

"दूध वर," राजेश्वरी म्हणायची. तोवर दूध खाली आलेलं असायचं, शेगडीवर.

त्यात त्यांनी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. निवृत्त माणसाने नवी विद्या शिकावी आणि मोठं ध्येय ठेवावं, असं त्यात लिहिलं होतं. असली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बायका नसाव्यात. त्र्यंबकरावांनी विद्या निवडली पोळ्यांची. आणि रेल्वेत अशी पद्धत आहे, की नव्या मार्गावर ड्रायव्हरला एकदम गाडी देत नाहीत. आधी जाणत्याबरोबर नुसतं जायचं, वळणं आणि चढ डोक्यात बसवायचे. याला ते रस्ता शिकणं म्हणतात. त्र्यंबकरावांनी ओट्याशेजारी स्टूल ओढलं आणि ते रस्ता शिकायला बसले. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, ते स्टुलावरच.

"अहो, एक तरी लाटा आता."

"अजून रस्ता शिकतोय."

"रस्ता कसला त्यात? पोळी आहे ती. गोल फिरून तिथेच येते."

शेवटी एका सकाळी राजेश्वरीने लाटणं खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "संक्रांतीपर्यंत घराबाहेरचं काहीतरी बघा. नाहीतर मी तळेगावला अश्लेषाकडे जाते आणि तिथेच राहते. मला रस्ता शिकायला नको, येतो." अश्लेषा म्हणजे त्यांची मुलगी. राजेश्वरीने बॅग माळ्यावरून काढून पलंगाखाली आणून ठेवली होती, आणि त्र्यंबकरावांनी ती पाहिली होती.

ते त्याच दिवशी वाचनकट्ट्यावर गेले. संघातली वाचणारी माणसं दर बुधवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतात, तो हा कट्टा. प्रमुख हौशीराम सर. हे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, असं कागदोपत्री आहे. समोर चार माणसं दिसली की ते अजूनही हजेरी घेतात. त्या बुधवारी लोहगडाबद्दल वाचन चाललं होतं. सगळे माना डोलावत होते. त्र्यंबकरावांनी विचारलं, "यातले किती जण वर गेलेत?"

माना डोलायच्या थांबल्या. मळवलीपाशी गाडीच्या खिडकीतून गड सगळ्यांनी जन्मभर पाहिलेला. वर गेलेलं एकही माणूस नाही.

"मी नेतो सगळ्यांना," त्र्यंबकराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच जरा उशिरा ऐकू आलं.

"वाट माहीत आहे?" हौशीराम सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शिकतो."

"बघा हां. नीट नेलंत तर दर महिन्याच्या सहलीचे प्रमुख तुम्ही. नाहीतर इथून पुढचे सगळे गड आपण याच खोलीत बघू, पडद्यावर."

पुढे राहायची जागा अशी समोर चालून आली. ती मिळाली तर राजेश्वरीची बॅग परत माळ्यावर जाणार होती. त्र्यंबकराव झपाटल्यासारखे वाचायला लागले. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा, आणि शेवटची विंचूकाटा माची, सगळं त्यांनी तोंडपाठ केलं. डोळे मिटून ते घडाघडा म्हणून दाखवायचे. डोळे उघडले की अडखळायचे, पण हे तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही.

मग रस्ता शिकणं आलं. लोहगडवाडीचा माऊली म्हणून एक तरुण वाटाड्या आहे, त्याला त्यांनी गाठलं आणि त्याच्यामागून गड चढले. आठ दिवसांनी पुन्हा चढले, आणि पुन्हा.

"आबा, तुमी जरा पुढं व्हा की," माऊली म्हणायचा. "सारखं माझ्या मागं मागं. वाट कशी कळनार तुमाला?"

"तू चाल. माझं लक्ष आहे."

लक्ष होतंच. फक्त ते सगळं माऊलीवर होतं. माऊलीच्या डाव्या बुटाची नाडी हिरवी होती आणि उजव्याची पांढरी. त्याचा सदरा पाठीवर कुठे विरलाय, तो कुठे खांदा झुकवतो, कुठे थबकून नाक शिंकरतो, हे सगळं त्र्यंबकरावांना पक्कं ठाऊक झालं. आयुष्यभर पुढच्या डब्याची पाठ बघत चढलेला माणूस, तो हाही गड तसाच शिकला. माऊलीला पुढे उभं केलं असतं, तर त्यांनी कोणालाही बिनचूक वर नेलं असतं. पण सहलीच्या रविवारी माऊली मुंबईचा एक कंपू घेऊन राजमाचीला जाणार होता.

"मला माऊली कशाला हवा," त्र्यंबकराव म्हणाले. "मी आता तयार आहे."

संक्रांतीच्या आधीचा रविवार. सहलीची गाडी दारात आली तेव्हा शैलाताईंनी आपलं मिक्सरचं भांडं कुंपणावरून त्र्यंबकरावांच्या हाती दिलं. परतताना बाजारावरून गाडी जाईल, दुकान उघडं असेल, पातं बदलायला टाका, एवढं साधं काम. भांडं त्यांनी पाठीवरच्या पिशवीत ठेवलं. झाकण शैलाताईंनी दिलं नाही, कारण झाकणाला काही झालेलं नव्हतं. शैलाताई स्वतः गेल्या नाहीत. त्यांनी गड कॉलेजात असताना पाहिला होता, आणि गड काही दर वर्षी बदलत नाही असं त्यांचं मत आहे. पुढचं सगळं राजेश्वरीकडून कळलेलं आहे. ती गेली होती, नवऱ्याचं काय होतंय ते डोळ्यांनी बघायला.

भाजे गावावरून चढून गाडी दोन गडांमधल्या खिंडीपाशी आली आणि गर्दीमुळे तिथेच थांबली. खिंडीतून उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. खाली उतरल्यावर त्र्यंबकरावांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि नियम सांगितला. पुढचा जे म्हणेल ते प्रत्येकाने मागे तसंच म्हणायचं. स्वतःची भर घालायची नाही. जे ऐकलं तेच.

"आणि तुम्ही कुठे?" हौशीराम सरांनी विचारलं.

"मी पुढेच," त्र्यंबकराव म्हणाले, आणि पुढे जाऊन उभे राहिले.

समोर पाठ नव्हती. नुसती मोकळी वाट. तेवढ्यात मागून भागुबाईंचा आवाज आला. या मूळच्या आंदर मावळातल्या. मुलाकडे लोणावळ्यात राहायला आल्या आणि पंचाहत्तरीत पुस्तकं वाचायला लागल्या. डोकं घोड्यासारखं पळतं, गुडघे नाहीत.

"त्रिंबकभाऊ, माजं काय खरं न्हाई बगा. मी हितंच बसते."

त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं, असं राजेश्वरी सांगते. "बसायचं नाही, मावशी. मी आहे ना," म्हणत ते तरातरा ओळीच्या शेवटी गेले. भागुबाईंनी पाठीला नातवाचं जुनं दप्तर अडकवलं होतं. त्या दप्तराला त्यांनी दोन्ही तळवे लावले, मान खाली घातली आणि रेटायला सुरुवात केली. भागुबाई सुरूसुरू चालायला लागल्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय की."

पुढे आपोआप हौशीराम सर आले. ते दहा पावलांवर फाट्यापाशी थांबले आणि त्यांनी ओरडून विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

नियम होता. दुसऱ्याने म्हटलं, "डावीकडे की उजवीकडे?" तिसऱ्याने म्हटलं, "डावीकडे की उजवीकडे?" राजेश्वरी मधे होती. घरच्या सवयीने तिनेही तेच म्हटलं. प्रश्न घरंगळत भागुबाईंपर्यंत आला, भागुबाईंनी मागे दिला, आणि त्र्यंबकरावांनी दप्तराला तळवे लावून, मान खाली घालून, खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"डावीकडे की उजवीकडे!"

हौशीराम सरांनी दोन्हीकडे पाहिलं. मग डावीकडे सावली होती म्हणून डावीकडे वळले.

विसापूरच्या जंगलातली वाट चांगली आहे. कोणी कुरकुरलं नाही. "दगड!" पुढून यायचं, "दगड!" मागे जायचं. "फांदी!" "फांदी!" त्र्यंबकराव मागे सुखात होते. पुढचा पुढे बघतोय, आपण रेटतोय, चढ लागलाय, सगळं जिथल्या तिथे. आपण प्रमुख आहोत हे ते साफ विसरले. मग वाट एका मोठ्या कातळापाशी येऊन झाडीत गडप झाली.

"थांबा," हौशीराम सर म्हणाले. "थांबा, थांबा, थांबा," ओळ म्हणाली. त्र्यंबकरावांना जाग आली. एवढं चढल्यावर गणेश दरवाजा यायला हवा, असा त्यांनी मनाशी अंदाज केला, पुढे येऊन कातळाला पाठ लावली, डोळे मिटले आणि सुरू झाले.

"हा गणेश दरवाजा. याची कमान बघा."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर एक माकड होतं.

"शत्रू इथवर आला तरी त्याला वळणावर कोंडता यावं, अशी याची रचना आहे. दोन्ही बाजूंचे बुरूज पाहून घ्या."

पंचविसेक मिनिटं ते बोलले. चारही दरवाजे झाले, विंचूकाटा झाला. हौशीराम सरांनी एकदा कातळाला काठीने टोचून पाहिलं, पण शाळेत बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही ही शिस्त त्यांचीच. भागुबाई एका मुळावर बसून झाडांच्या फटीतून पलीकडे बघत होत्या.

"त्रिंबकभाऊ," भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यो पल्याड कोनचा गड हाय?"

त्र्यंबकरावांनी डोळे उघडले. "तो विसापूर, मावशी."

"असं व्हय. लय मानसं चढत्यात त्याच्यावर. पायऱ्यांनी चढत्यात. दरवाजे बी दिसत्यात. एक, दोन..." त्या थांबल्या. "आन ती लांब नांगी काढल्यावानी काय हाय? तुमी मगा सांगितला त्यो इंचू आपल्याकडं न्हाई का?"

माकड निघून गेलं. त्र्यंबकरावांनी कातळाकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं, आणि पुन्हा कातळाकडे. घरची पलंगाखालची बॅग त्यांना तिथून स्पष्ट दिसली असावी.

"पडदा आणावा लागणार म्हणायचा," हौशीराम सर म्हणाले.

"सर, पुढे तुम्ही होतात," राजेश्वरी म्हणाली.

"मी विचारलं होतं. उत्तर काय आलं, ते तुम्हीही म्हणालात."

राजेश्वरीने पदर खोचला. नवऱ्यावर ती मागचे दोन महिने इतकी चिडलेली होती, की आता आणखी चिडायला तिच्यापाशी जागाच उरली नव्हती. "चला, वळा," ती म्हणाली. "पुढे मी होते. आणि अहो, तुम्ही मागेच राहा. पुढे आलात तर बघा."

"तुला वाट माहीत आहे?"

"पायऱ्या दिसतायत. त्या वर जातात. आणखी काय माहीत हवं?"

वरात परत खिंडीत आली आणि उजवीकडून लोहगडवाडीला पोचली. तिथे पायऱ्यांच्या अलीकडे झुंबरबाईंचं गवती झापाचं हॉटेल आहे. सगळे ताकाला टेकले. झुंबरबाईंनी ओळीकडे पाहिलं, जंगलातली पानं डोक्यावर घेऊन आलेले त्र्यंबकराव पाहिले आणि म्हणाल्या, "आबा, तुमी माऊलीच्या मागं येनारं न्हवं? आज माऊली कुटं हरवला?"

"माऊली नाही हरवला," राजेश्वरी म्हणाली. "ताक द्या."

रविवारची गर्दी, पेले अपुरे, ताक वाढायचा तांब्या दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे. त्र्यंबकरावांना काहीतरी उपयोगी पडायचंच होतं. त्यांनी पिशवीतून भांडं काढलं, पातं फिरवून काढून पिशवीतच टाकलं, भांड्याच्या तळाला आपला रुमाल कोंबला आणि त्यातून सगळ्यांना ताक वाढलं. धार चांगली पडत होती. झुंबरबाई ती बघत होत्या.

मग गड. पुढे राजेश्वरी, शेवटी भागुबाईंच्या दप्तराला तळवे लावलेले त्र्यंबकराव. आता सगळं नीट चाललं. मधल्या कोणाचे पाय अडले की त्र्यंबकराव खालून हाक द्यायचे, तिघे-चौघे मिळून एकमेकांना रेटायचे, आणि ज्यांना बघून ‘हे काही चढत नाहीत’ अशा पोराटोरांनी पैजा लावल्या असत्या ती माणसं एकेक दरवाजा चढून गेली. महादरवाजापाशी राजेश्वरीने सगळ्यांना बाहेर बसवून ठेवलं. "मागचे अजून यायचेत. आत कोणी जायचं नाही."

भागुबाई आणि त्र्यंबकराव आले. हौशीराम सरांनी घाम पुसला आणि, माणूस तसा न्यायाचा आहे, ते बाजूला सरले. "जा, त्र्यंबकराव. पहिलं पाऊल तुमचं."

समोर दरवाजा, आत मोकळं आभाळ, आणि पुढे कोणाची पाठ नाही. त्र्यंबकराव दोन पावलं गेले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. भागुबाई अजून खालच्या पायरीवर एका हाताने भिंत धरून उभ्या होत्या. ते उतरून गेले आणि दप्तराला तळवे लावले.

"चला, मावशी. तुम्ही व्हा आधी."

अशा रीतीने गडात पहिलं पाऊल भागुबाईंचं पडलं. आत गेल्यावर त्र्यंबकरावांनी भाषणाचा विषय काढला, पण ते जंगलात झालं आहे, पुन्हा नको, असं एकमताने ठरलं. भागुबाईंनी मात्र परतताना प्रत्येक दरवाजापाशी थांबून, "आता सांगा, ह्यो कोनचा?" असं विचारलं, आणि त्र्यंबकरावांनी डोळे उघडे ठेवून सांगितलं. अडखळले, पण सांगितलं. उतारावर मात्र त्यांनी घात केला. घाटात गाडी उतरायच्या आधी ब्रेक तपासतात, म्हणून त्यांनी दर वळणाला सगळ्यांना थांबवून गुडघे तपासायला लावले. या भानगडीत खाली यायला दिवेलागण झाली, बाजार बंद झाला, आणि ताकासाठी काढलेलं भांडं घाईत झुंबरबाईंच्या हॉटेलातच राहिलं.

पुढल्या बुधवारी कट्ट्याने निर्णय दिला. सहलीची प्रमुख राजेश्वरी. शेवटी त्र्यंबकराव, कायमचे. त्यांच्याशिवाय भागुबाई येणार नाहीत, आणि भागुबाईंशिवाय कोणी येणार नाही. त्र्यंबकराव हे ऐकून म्हणाले, "मागे कोणीतरी लागतंच." त्यांना वाईट वाटलं का, हे राजेश्वरीने रात्री जेवताना विचारलं. ते म्हणाले, "महादरवाजात दोन पावलं गेलो होतो ना. बघून झालं."

बॅग माळ्यावर गेली. कारण आता नवरा घराबाहेर पडला, तर राजेश्वरीही त्याच्यापुढे चार पावलं बाहेर पडलेली असते. आणि प्रमुख म्हटल्यावर तिला वाचणं आलं. ती दुपारभर पुढच्या गडाची पुस्तकं घेऊन बसते, म्हणून पोळ्या त्र्यंबकरावांना कराव्या लागतात. स्टूल त्यांनी बाजूला सारलं. पहिली पोळी, राजेश्वरी म्हणते, थेट विंचूकाट्यासारखी झाली. कुंपणापलीकडून शैलाताईंना आताशा रोज ऐकू येतं.

"पोळी फुगली."

"फुगली," पुस्तकातून मान वर न काढता राजेश्वरी म्हणते.

राहिलं भांडं. पुढच्या वेळी लोहगडाला गेलो की आणतो, असं त्र्यंबकरावांनी सांगितलं आहे. पण पाहिलेला गड पुन्हा करायचा नाही, असं राजेश्वरीने ठरवून टाकलंय. पातं त्यांच्या पिशवीत आहे, भांडं लोहगडवाडीत, मोटर शैलाताईंच्या ओट्यावर, आणि शैलाताई खलबत्त्यात चटणी कुटतात. मागच्या आठवड्यात माऊली लोणावळ्यात आला होता. त्याने झुंबरबाईंचा निरोप आणला, की भांडं लय झ्याक हाय, तळाला बूच बसवलंय, ताकाला आता दुसरं काय लागत न्हाई, फकस्त माश्या बसत्यात. तो निरोप घेऊन त्र्यंबकराव कुंपणापाशी आले. नमस्कार केला. या वेळी पळाले नाहीत.

"शैलाताई," त्यांनी विचारलं, "त्याचं झाकण तुमच्याकडेच आहे ना?"

आहे. आणि ते मिळणार नाही.